वाचकांचे प्रश्न : पदवीला ‘सार्वजनिक धोरण’ घ्यावे का?

बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो, हे आता सवयीचे झाले आहे. यंदा मात्र आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच आणि काहीशा अपरिचित विषयाची निघाली. पदवीला ‘पब्लिक पॉलिसी’, म्हणजे सार्वजनिक धोरण, हा मुख्य विषय घ्यावा का, असे विचारणारी ही चारही पत्रे नाशिक जिल्ह्यातून आली आहेत. लेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून वगळली असून जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. उत्तर देणारा माणूस तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवलेला आहे, तेव्हा मतांना त्या शिकवण्याचा थोडा वास येणारच, हे वाचकांनी गृहीत धरावे.

प्रश्न : मी निफाड तालुक्यात राहते आणि यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आमच्याकडे लाल कांद्याची काढणी चालू होती. लिलावातला भाव एका रात्रीत कसा खाली येतो, ते मी तेव्हा पाहिले. असे निर्णय कोण घेते आणि कशाच्या आधारावर घेते, हे शिकवणारी ‘पब्लिक पॉलिसी’ नावाची पदवी असते, असे मला नात्यातल्या एका ताईने सांगितले. वडील म्हणतात की विज्ञान सोडायचेच असेल तर राज्यशास्त्र घे, ते निदान लोकांना माहीत तरी आहे. या दोन्हींत फरक काय आणि या पदवीत नेमके काय शिकवतात?

उत्तर : तुम्ही ज्या रात्रीबद्दल लिहिता तिच्यापासूनच सुरुवात करू, कारण हा विषय समजावून सांगण्यासाठी निफाड तालुक्यात त्याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. कांद्याच्या निर्यातीवर १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के शुल्क बसले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर असे किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याहून स्वस्तात माल परदेशी पाठवता येत नाही असा भाव, ठरले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली खरी, पण टनाला ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किमान मूल्य काढून शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. म्हणजे वीस महिन्यांच्या आत एका पिकाबाबतचा नियम सहा वेळा बदलला.

राज्यशास्त्र शिकलेला माणूस या सहा तारखांकडे पाहून सत्तेचा प्रश्न विचारतो: शहरातल्या ग्राहकाचा दबाव जास्त ठरला की शेतकऱ्याचा, आणि बंदी उठल्यानंतर बरोबर सोळा दिवसांनी, २० मे रोजी, नाशिक व दिंडोरी मतदारसंघांत मतदान होते याचा या तारखेशी काही संबंध होता का. लोकप्रशासनाचा विद्यार्थी यंत्रणेकडे वळतो. अधिसूचना कोणत्या कार्यालयाने काढली, बंदराच्या वाटेवर असलेल्या कंटेनरांना ती लागू होती का, हे तो शोधतो. सार्वजनिक धोरणाचा विद्यार्थी या दोघांचे ऐकून घेतो आणि मग कागद पुढे ओढून हिशेबाला बसतो. या निर्णयाने मुंबई-दिल्लीच्या ग्राहकाचे किती वाचले, तुमच्या वडिलांचे किती गेले, आणि ग्राहकाला तेवढाच दिलासा कमी नुकसानीत देण्याचा दुसरा मार्ग होता का, हा त्याचा प्रश्न असतो.

हिशेब ऐकायला सोपा वाटतो, पण खरी गंमत तिथेच आहे. बंदीनंतर भाव पडले, म्हणून ते बंदीमुळेच पडले, असे आपण सहज म्हणतो. परंतु लाल कांद्याची आवक डिसेंबर-जानेवारीत तशीही वाढत असते आणि आवक वाढली की बंदी नसतानाही भाव उतरतो. मग झालेल्या घसरणीतला किती भाग बंदीचा आणि किती हंगामाचा? ‘हे झाले नसते तर काय झाले असते’ या एका प्रश्नाभोवती या अभ्यासक्रमातील निम्मी संख्याशास्त्राची तासिका फिरते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दुसरी गोष्ट तुम्ही घरीच पाहिली असणार. उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत काही महिने थांबवता येतो, लाल कांदा टिकत नाही. म्हणून तीच बंदी उन्हाळ कांद्याच्या शेतकऱ्याला वाट पाहायला लावते आणि लाल कांद्याच्या शेतकऱ्याला मिळेल त्या भावात माल सोडायला लावते. निर्णयाचा कागद दोघांसाठी एकच असतो, परिणाम मात्र दोन होतात. हे ज्याला चाळ माहीत आहे त्याच्या लगेच लक्षात येते, आणि दिल्लीतल्या पुष्कळ अहवालांच्या लक्षात येत नाही.

निर्णय कोण घेते, हे तुम्ही विचारले आहे. शेती आणि बाजार समित्या या राज्याच्या अखत्यारीतल्या गोष्टी आहेत. आपल्या बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा आहे. परदेशी व्यापार मात्र घटनेने केंद्राकडे दिला आहे. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालचे विदेश व्यापार महासंचालनालय काढते, शुल्काचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा असतो, किरकोळ भावावर ग्राहक व्यवहार विभाग लक्ष ठेवतो आणि राखीव साठ्यासाठीची खरेदी नाफेड व एनसीसीएफ या सहकारी संस्था करतात. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या माणसाने दाद नेमकी कोणाकडे मागायची, हे न कळण्याचे कारण या वाटणीत आहे.

अभ्यासक्रमाबद्दल सांगायचे, तर पहिल्या वर्षी अर्थशास्त्राची मूलतत्त्वे, संख्याशास्त्र आणि राज्यघटना असते. पुढे सार्वजनिक वित्त व अंदाजपत्रक, कायदा, धोरणांचे मूल्यमापन, नीतिशास्त्र हे विषय येतात, आणि चांगल्या ठिकाणी एखादे सत्र प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी राखलेले असते. स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून या विषयाची मांडणी अमेरिकेत हॅरॉल्ड लासवेल यांनी १९५१ मध्ये केली. आपल्याकडे तो बराच काळ पदव्युत्तर वर्गांतच राहिला आणि पदवीला अजूनही मोजक्याच ठिकाणी मिळतो. पुण्याजवळ लवळे येथील फ्लेम विद्यापीठ किंवा हरियाणात सोनिपतचे ओ. पी. जिंदाल विद्यापीठ ही त्यांपैकी नावे. नाव परदेशातून आले असले तरी वृत्ती आपल्याला परकी नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन सरकार शिक्षणावर करत असलेला खर्च कोणाच्या वाट्याला जातो हे दाखवते, आणि रुपयाच्या प्रश्नावरील डॉ. आंबेडकरांचा १९२३ चा प्रबंध चलनाच्या धोरणाची चिकित्सा आहे.

वडिलांचे म्हणणे टाकाऊ नाही. राज्यशास्त्र घेऊन जोडीला अर्थशास्त्र घेतले, तरी तुम्ही जवळपास त्याच ठिकाणी पोहोचाल. पण मार्ग कोणताही निवडा, विज्ञान शाखेत कमावलेले गणित सोडू नका. या विषयाकडे येणारी बहुतेक मुले गणित टाळण्यासाठी कलाशाखेत आलेली असतात आणि दुसऱ्या वर्षी अडतात.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, नोकरदार आहे. मुलाला एका खासगी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाच्या पदवीसाठी प्रवेश मिळतो आहे, पण शुल्क वर्षाला काही लाखांच्या घरात आहे. कर्ज काढावे का? पदवीनंतर नोकरी कुठे मिळेल? आणि राग मानू नये, पण धोरण ही काय शिकायची गोष्ट आहे का? धोरण ठरवणारे वेगळेच असतात. एकविसाव्या वर्षी माझ्या मुलाला कोण विचारणार?

उत्तर : राग मानण्यासारखे त्यात काही नाही, प्रश्न रास्त आहे. कर्जाबाबत माझे मत स्पष्ट सांगतो. केवळ पदवीच्या नावासाठी मोठे कर्ज काढू नका. शिष्यवृत्तीने शुल्क आवाक्यात येत असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती मागायला संकोच करू नये; पुष्कळ खासगी विद्यापीठांत उत्पन्नावर आधारित सवलत असते, पण ती प्रवेशाच्या वेळीच मागावी लागते.

नोकऱ्या आहेत, पण आपल्या डोळ्यांपुढे असते तशी एकच ठरलेली वाट नाही. संशोधन संस्था, सामाजिक संस्था, सरकारी योजनांसाठी काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या, उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्वाचे विभाग, लोकप्रतिनिधींची कार्यालये अशा ठिकाणी हे पदवीधर जातात, आणि सुरुवातीचे वेतन अभियंत्याच्या तुलनेत कमीच असते. तरुण पदवीधरांना शासनाच्या कामात घेणारी राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी पदवीला ६० टक्के गुण, एक वर्षाचा कामाचा अनुभव आणि २१ ते २६ हे वय लागते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही दिल्लीची संस्था तरुण पदवीधरांना जवळपास वर्षभर खासदारांसोबत काम करण्यासाठी निवडते. या दोन्ही ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, ही गोष्ट तुमच्या कर्जाच्या विचारात महत्त्वाची आहे. जिथे धोरणाच्या विशेष शिक्षणाला खरी किंमत येते अशा बहुतेक जागा पदव्युत्तर पदवीनंतरच्या आहेत. तो खर्च पुढे आहेच, म्हणून पदवीवर सगळी पुंजी लावू नये, असे मी म्हणतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ पासून, शिवाय आयआयटी मुंबई आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात सार्वजनिक धोरणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि तिथे अर्थशास्त्र, अभियांत्रिकी, अगदी साहित्य घेतलेली मुलेही येतात.

तरीही मुलगा त्या विद्यापीठासाठी आग्रही असेल, तर माहितीपत्रकातील हिरवळीची छायाचित्रे बाजूला ठेवून त्यांना थोडे खोदून विचारा. संख्याशास्त्राच्या किती तासिका आहेत आणि त्या कोण घेते? क्षेत्रकार्य म्हणजे दोन दिवसांची सहल की एखाद्या तालुक्यात महिनाभर मुक्काम? बाहेर पडलेल्या शेवटच्या तीन तुकड्यांतली सगळी मुले, फक्त जाहिरातीतली चार नव्हेत, आज कुठे आहेत? या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे लेखी उत्तर नसते, त्यांच्याबाबत मी सावध राहतो.

आता धोरण ही शिकायची गोष्ट आहे का, याबद्दल. तुमचे पगारपत्रक काढा आणि कपातींच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ शोधा. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये दिसतील. फेब्रुवारीतच शंभर रुपये जास्त का, हे तुम्ही नोकरीत कधी विचारले होते का? अकरा गुणिले दोनशे म्हणजे २,२०० आणि वर ३००, एकूण २,५००. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि आपल्या राज्याने ती वर्षाच्या शेवटी अशी गाठली आहे. ही मर्यादा आधी २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती दसपट झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे.

हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी या योजनेची कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यातील विसापूरला तिचा लहान प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हे तत्त्व कायद्यात बसवणारे हे देशातील पहिले राज्य. केंद्राने तसा कायदा २००५ मध्ये केला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन ती गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीपर्यंत पोहोचवायची, आणि पगारदाराने आरडाओरड न करता ती द्यावी अशा बेताने ती रक्कम ठेवायची, ही रचना कोणीतरी बसून, आकडे मांडून, विरोध ओळखून केलेली आहे. असे काम चांगले किंवा वाईट होऊ शकते, आणि ज्यात चांगले-वाईट होते ते शिकताही येते. तुमच्या मुलाला एकविसाव्या वर्षी कोणी धोरण ठरवायला बोलावणार नाही, हे खरेच. पण २,५०० रुपयांची मर्यादा वाढवली तर राज्याला किती मिळेल आणि कोणावर बोजा पडेल, याचे टिपण करायला मात्र त्याच वयाची मुले लागतात.

प्रश्न : सार्वजनिक धोरणाची पदवी घेतली तर यूपीएससी आणि एमपीएससीच्या तयारीत फायदा होईल का? (एक विद्यार्थी, सिन्नर)

उत्तर : थोडा होईल, पण त्यासाठी ही पदवी घेऊ नका. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयांत ‘सार्वजनिक धोरण’ असा स्वतंत्र विषय नाही. लोकप्रशासनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत त्यावरचा एक घटक आहे, एवढाच थेट संबंध. सामान्य अध्ययनातील शासनव्यवस्था आणि अर्थकारण यांना या अभ्यासाची मदत होते, निबंधात तर निश्चितच होते. पण परीक्षेचा अभ्यास आणि हा अभ्यास यांची शिस्त वेगळी आहे. परीक्षेला योजनेचे वर्ष, मंत्रालय आणि उद्दिष्टे पाठ लागतात. इथे तीच योजना कुठे फसली हे शोधण्यात सहा महिने जातात आणि कधी कधी हाती काही लागत नाही. ज्या मुलांनी मला प्रामाणिकपणे सांगितले की आम्हाला फक्त पद हवे आहे, त्यांना मी नेहमी आवडत्या विषयातच पदवी घ्यायला सांगितले आहे.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यातला आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात द्वितीय वर्ष कला शाखेत राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेऊन शिकतो आणि वसतिगृहात राहतो. पुण्या-मुंबईला किंवा खासगी विद्यापीठात जाणे शक्य नाही. आमच्याकडे सार्वजनिक धोरण हा विषयच नाही. माझे शिक्षण मराठीतून झाले असून इंग्रजी पुस्तके जड जातात. इथे राहून हा अभ्यास करता येईल का?

उत्तर : येईल, आणि काही बाबतींत तुमची जागा खासगी विद्यापीठातल्या मुलापेक्षा बरी आहे. ते कसे, हे सांगण्याआधी कागदोपत्री गोष्टी उरकून घेऊ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयासोबत गौण विषय घेता येतो. तो बदलण्याची मुभा अजून असेल तर अर्थशास्त्र घ्या आणि खुल्या ऐच्छिक विषयांत संख्याशास्त्राचा कोणताही अभ्यासक्रम दिसला तर तो सोडू नका. चौथे वर्ष संशोधनासह ऑनर्सचे करता येत असेल, तर तुमचा प्रबंध हाच तुमचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम समजा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर नाशिकलाच, गोवर्धनच्या शिवारात आहे. मात्र दोन पदव्यांचे ओझे घेण्यापेक्षा एक नीट करावी, असे मला वाटते.

भाषेची अडचण तुम्ही समजता त्याच्या उलट बाजूने सोडवता येते. राज्याचा अर्थसंकल्प सादर होण्यापूर्वी दरवर्षी अर्थ व सांख्यिकी संचालनालय ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते, ती मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत. शेतीचे एकच प्रकरण दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचा. पहिल्या दिवशी चार पाने होतील, महिन्याभरात अख्खे प्रकरण होईल, आणि ‘सकल राज्य उत्पन्न’ किंवा ‘महसुली तूट’ यांना इंग्रजीत काय म्हणतात हे शब्दकोश न उघडता कळू लागेल. माझ्या दोन-तीन विद्यार्थ्यांनी हा उद्योग केला. त्यांचे इंग्रजी बोलणे सुधारले नाही, पण इंग्रजी अहवाल वाचण्याची भीती गेली.

खरा खजिना शासन निर्णयांचा आहे, ज्याला आपण सगळे जीआर म्हणतो. ते मराठीत असतात, शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि इंग्रजीतून शिकलेली मुले त्यांच्या भाषेला घाबरतात. बहुतेक जण जीआर उघडला की थेट ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचा मजकूर वाचतात. तुम्ही वरून सुरुवात करा. क्रमांक आणि दिनांक यांच्यानंतर ‘वाचा’ असे लिहून आधीच्या निर्णयांची आणि पत्रांची यादी दिलेली असते. ती त्या धोरणाची वंशावळ असते आणि तिच्यातला सर्वांत जुना जीआर शोधून काढला की मूळ हेतू काय होता आणि वाटेत काय गळाले ते दिसते. मग प्रस्तावना, मग निर्णय. निर्णयात खर्चाचे लेखाशीर्ष दिले आहे का ते पाहा. दिले नसेल तर पैसा कुठून येणार हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. शेवटी वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा क्रमांक असेल तर त्या विभागाने खर्चाला संमती दिली आहे असे समजावे. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीनंतरची ‘प्रति’ची यादीही वाचा. ज्याने प्रत्यक्ष काम करायचे त्या ग्रामसेवकापर्यंत किंवा मुख्याध्यापकापर्यंत हा कागद किती पायऱ्यांनी पोहोचणार, याचा अंदाज त्या यादीवरून येतो.

विषय तुमच्या गावातच आहे. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, राज्याचे त्याखालील नियम २०१४ चे, आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के वाटा थेट देण्याचा राज्याचा निर्णय २०१५ चा. हा निधी कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभेने ठरवायचे असते. तुमच्या ग्रामपंचायतीला गेल्या पाच वर्षांत किती रक्कम आली, कोणत्या महिन्यात आली, ग्रामसभेच्या इतिवृत्तात कोणती कामे मंजूर झाली आणि प्रत्यक्षात कोणती उभी आहेत, एवढाच तक्ता केला तरी तो प्रबंध होतो. महिना मुद्दाम म्हणालो. पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला असेल तर तो घाईत खर्च होतो किंवा अखर्चित राहतो, आणि मग दोष ग्रामसभेच्या माथी येतो. खासगी विद्यापीठातल्या मुलाला हे इतिवृत्त मिळवायला ओळख लागेल, मिळाले तरी त्या सभेत कोण बोलले आणि कोण गप्प बसले हे कळणार नाही. तुम्हाला कळेल.

ज्यांचे गाव इतके जवळ नाही, त्या शहरातल्या मुलांसाठी पाण्याचा विषय सुचवतो. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो आणि दोन्हीकडे आंदोलने सुरू होतात. भांडण दरवर्षी वर्तमानपत्रात येते, पण त्याच्या मुळाशी असलेला २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आणि प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश वाचलेला माणूस मला क्वचितच भेटला आहे.

लहान सुरुवात करायची असेल तर लोकसेवा हक्क कायद्यापासून करा. २०१५ च्या या कायद्याने प्रत्येक कार्यालयाने सेवांची यादी, प्रत्येक सेवेची मुदत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी यांची माहिती दर्शनी भागात लावायची असते. काही वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन एका तालुका कचेरीत हा फलक पाहायला गेलो होतो. फलक होता, पण कपाटाच्या मागे होता, आणि त्यावरचे अपिलीय अधिकारी दोन वर्षांपूर्वीच बदलून गेलेले होते. एका मुलीने तिथेच विचारले, मग अपील कोणाकडे करायचे? शिपायाने तिला मोठ्या आपुलकीने, चहाच्या टपरीवर बसणाऱ्या एका एजंटाचे नाव सांगितले. त्या एका वाक्यावर आमचे पुढचे चार तास चर्चेत गेले.

माहिती अधिकाराचा वापर कराच, पण शेवटी. आधी कायद्याच्या चौथ्या कलमानुसार कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची माहिती पाहून घ्या, म्हणजे उगाच अर्ज करावा लागणार नाही. अर्ज करावाच लागला तर आपल्या राज्याच्या नियमानुसार तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. काय माहिती हवी ते १५० शब्दांत मांडताना आपल्याला नेमके काय शोधायचे आहे हे उमगते, म्हणून मी वर्गात हा अर्ज प्रत्येकाकडून तीनदा लिहून घेत असे. तुमच्यासारख्याच एका विद्यार्थ्याचा अर्ज एका कार्यालयात ‘आढळून येत नाही’ असे सांगून बाजूला पडला होता आणि त्याच्याकडे दाखवायला कागद नव्हता, त्यामुळे त्याचा सगळा उन्हाळा गेला. तेव्हा अर्ज दोन प्रतींत न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आणि ती प्रत वसतिगृहात न ठेवता घरी ठेवा.